गव्हर्नरकी

भाषांतरात काय हरवतं, यावर आपण ब्लॉगवाले नेहमी वाद घालतो. भाषांतरात अख्खा देशही हरवतो, हे मला न्यूझीलंडच्या वाइतांगी कराराबद्दल वाचताना कळलं.

६ फेब्रुवारी १८४०. इंग्रज आणि माओरी सरदार यांच्यातला करार. मसुदा इंग्रजीत. हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने मुलाला हाताशी घेऊन एका रात्रीत त्याचं माओरी केलं. इंग्रजीत सरदार 'सार्वभौमत्व' देऊन टाकतात. माओरीत शब्द आला 'कावानातांगा'. कावाना म्हणजे गव्हर्नर. पाटलाची पाटीलकी, तशी ही गव्हर्नरकी! जमिनी आणि गावांवर सत्ता सरदारांचीच राहील, असंही त्यात होतं. पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या केल्या, बहुतेकांनी माओरी मजकुरावर.

१८७७ मध्ये न्यायाधीश प्रेन्डरगास्ट यांनी हा करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत ठरवला. वाइतांगी न्यायाधिकरण आलं थेट १९७५ मध्ये. २०१४ मध्ये त्याने म्हटलं, वाइतांगीला सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं.

सरदारांना तेव्हाच ठाऊक होतं ते सरकारी कागदावर यायला १७४ वर्षं लागली. बहुतेक जमीन तोवर हातची गेली होती. म्हणून मला वाटतं, सही करताना विचारावं : हा कागद नेमका कुठल्या भाषेत वाचला जाणार आहे?