धर्माने काय दिले, काय नेले?



आमची तरुण पोरं विचारतात, "धर्मानं माणसाचं भलं जास्त झालं की वाटोळं?" आम्ही मिलमध्ये राबलेली माणसं, पंडित नव्हे. पण उत्तर आमच्या वैनगंगेच्या काठीच आहे.

गोसीखुर्दजवळच्या पवनीत १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीचे उत्खनन झाले. दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. एका लेखात तर हे दान सर्व जिवांच्या सुखासाठी असो, असे कोरले आहे. हे धर्माचे भले.

पुढे धर्माच्याच नावाने आमच्या वाट्याला शिवाशिव आली. पाण्यासाठी १९२७ ला महाडला, देवळासाठी १९३० ला नाशिकला लढावे लागले. १९५४ साली बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले, इथेही हरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्म दिला. त्याची किंमतही पडली. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. तरी आमच्या मायबापांनी धम्म सोडला नाही, कारण त्याने मान ताठ झाली.

म्हणून आमचे माप एकच. धर्माने माणूस उभा राहतो की वाकतो? आपला धम्मही याच मापाने मोजा. विहारात वंदना अन् घरी हुंडा, पोरीची शाळा बंद, असे असेल तर बुद्धाचे नाव घेऊन आपणही जुनेच नुकसान करतो आहोत.

जय भीम!