वारा, फाटलेली कार्डे आणि डॉक्टर स्टेबलफर्ड

गोल्फ म्हटले की आपल्याला छावणी आठवते, कुंपण आठवते, साहेब आठवतो. आपल्या देशात हा खेळ आला तोही साहेबाबरोबरच. कोलकात्यात १८२९ साली इंग्रजांनी गोल्फ क्लब काढला. तेव्हापासून सामान्य माणूस या मैदानाकडे कुंपणाबाहेरूनच पाहत आला आहे. म्हणून या खेळावर लेख का, असा सवाल वाचकांना पडणे रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, या खेळाच्या इतिहासात हिशेबाची एक गोष्ट दडलेली आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाने व पालकाने ऐकावी अशी आहे.

गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर. समुद्र आणि शेती यांच्या मध्ये वाळूची, खुरट्या गवताची पट्टी असते. तिथे धान्य पिकत नाही. मेंढ्या चरतात, ससे बिळे करतात आणि वारा कधी थांबत नाही. अशा जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. सेंट अँड्र्यूज गावच्या लिंक्सवर गावकऱ्यांना खेळण्याचा हक्क आहे, हे १५५२ सालच्या एका सनदेत नमूद आहे. म्हणजे आपल्या गायरानासारखीच ती गावाची जमीन होती. झाड नाही, आडोसा नाही, समोरून वारा. उंच मारलेला चेंडू वारा कुठल्या कुठे नेतो, म्हणून तिथले जुने खेळाडू चेंडू बुटका मारून जमिनीवरून सरपटत नेत.

सुरुवातीला हिशेब सोपा होता. दोघांनी किंवा दोन जोड्यांनी खेळायचे. ज्याचा चेंडू कमी फटक्यांत भोकात गेला, त्याने ते ‘होल’ जिंकले. एखाद्या होलवर दहा फटके लागले तरी नुकसान एकाच होलचे. पुढच्या होलवर दोघे पुन्हा बरोबरीने उभे. वारा दोघांनाही सारखाच. दोस्तांच्या खेळाला हा हिशेब शोभणारा होता.

पण पुष्कळ माणसे एकाच दिवशी स्पर्धेत उतरू लागली, तेव्हा जोडीजोडीने लढती लावणे अवघड झाले. मग सगळ्या होलचे सगळे फटके मोजून बेरीज करण्याची रीत आली. सेंट अँड्र्यूजला तिचा उल्लेख १७५९ साली सापडतो. ही रीत चोख आहे, पण कठोर आहे. यात काहीच माफ होत नाही. पहिल्याच होलवर वाऱ्याने चेंडू झुडपात नेला आणि अकरा फटके लागले, तर ते अकरा फटके शेवटच्या होलपर्यंत बेरजेत बसून राहतात.

१८९० मध्ये कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅम यांनी आणखी एक कल्पना मांडली. चांगल्या खेळाडूला प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे आधी ठरवायचे आणि त्या आकड्याशी सामना करायचा. या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला खेळाडूंनी ‘बोगी’ म्हणजे भूत असे नाव दिले. तरीही वाऱ्याच्या दिवशी हौशी माणूस या भुतापुढे एकामागून एक होल हरतच राही.

इथे डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड येतात. ते पेशाने शल्यचिकित्सक होते आणि स्वतः चांगले खेळाडू. लिव्हरपूलजवळ, मर्सी नदीच्या मुखापाशी वॉलसी नावाचे गाव आहे. तिथला गोल्फ क्लब १८९१ सालचा. मैदान वाळूच्या टेकड्यांतून जाते आणि समुद्राचा वारा थेट अंगावर येतो. शांत दिवशी दोन फटक्यांत गाठता येणारे होल वाऱ्याविरुद्ध तीन फटक्यांतही गाठता येत नसे. डॉक्टरांच्या नजरेस आले की, माणसे आठवडाभर काम करून हौसेने येतात, पहिले दोन-तीन होल बिघडले की कार्ड फाडतात आणि उरलेली फेरी उगाच चालतात.

डॉक्टरांनी दोष वाऱ्याला दिला नाही, खेळाडूंनाही दिला नाही. त्यांनी हिशेब बदलला. असा एक प्रयोग त्यांनी १८९८ मध्ये वेल्समधल्या पेनार्थला करून पाहिला होता. त्याचे सुधारलेले रूप १६ मे १९३२ रोजी वॉलसीच्या स्पर्धेत उतरले. आज ही पद्धत अशी चालते : ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण केले की २ गुण. एक फटका जास्त लागला तर १ गुण. एक कमी लागला तर ३, दोन कमी लागले तर ४. दोन किंवा अधिक फटके जास्त लागले तर शून्य. पण शून्याच्या खाली काही नाही. आठ लागले काय आणि अकरा लागले काय, त्या होलपुरते शून्य. चेंडू उचलायचा आणि पुढे जायचे. शिवाय प्रत्येकाच्या कुवतीनुसार फटक्यांची सवलत मिळते, त्यामुळे नवखा आणि मुरलेला खेळाडू एकाच स्पर्धेत खेळू शकतात. ही पद्धत आता गोल्फच्या अधिकृत नियमांत आहे आणि जगभरचे हौशी खेळाडू तिने खेळतात.

कोणी म्हणेल, हे तर लाड झाले. तसे नाही. चुकलेल्या होलला इथे फुकटचा गुण मिळत नाही आणि उत्तम खेळाला जास्त गुण आहेतच. फरक इतकाच की, एका होलची चूक दुसऱ्या होलवर लादली जात नाही. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत अजूनही बहुतेक प्रत्येक फटका मोजतात, आणि ते त्यांच्या जागी ठीक आहे. दोन्ही हिशेब खरेच आहेत. कोणता कोणासाठी, हे पाहावे लागते.

आणि अर्ध्यात हार मानणारे सगळे कच्चेच असतात असेही नाही. आयुष्यभर हौशी राहिलेल्या बॉबी जोन्स यांनी १९२१ साली सेंट अँड्र्यूजला ओपन स्पर्धेत अकराव्या होलवर चेंडू उचलून फेरी सोडली. वय होते एकोणीस. त्याच मैदानावर त्यांनी १९२७ मध्ये ओपन आणि १९३० मध्ये हौशींची मोठी स्पर्धा जिंकली. १९२१ च्या कार्डावरून त्यांची किंमत ठरवली असती तर तो हिशेब चुकलाच असता.

मी शिक्षक आहे, म्हणून ही गोष्ट मला गोल्फपुरती वाटत नाही. पहिले गणित अडले की पेन खाली ठेवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. घरात अभ्यासाला जागा नाही, शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी आहे, हाही त्यांच्यासाठी समोरून येणारा वाराच आहे. आपण त्यांना हिंमत धरायला सांगतो. हिंमत हवीच. पण पहिली चूक शेवटपर्यंत डोक्यावर ठेवणारा हिशेब आपण तसाच चालू ठेवला, तर नुसत्या उपदेशाने मूल किती काळ टिकेल? डॉक्टर स्टेबलफर्ड यांनी भाषण दिले नाही, गुणांचा तक्ता बदलला. माणसे अठराव्या होलपर्यंत खेळू लागली. वॉलसीला वारा आजही तसाच वाहतो.