यलोस्टोनची यात्रा

यलोस्टोनच्या अरण्यास जावयाचें ज्याच्या मनांत आहे त्यानें निदान एक वर्ष आधीं सिद्धतेस लागावें असें जाणते सांगतात, व तें खोटें नाहीं. अरण्यांतील विश्रांतिगृहें बहुधा तितकीं अगोदर भरून जातात; नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बहुतेक रस्ते मोटारींस बंद असतात; अस्वल व लांडगा यांपासून शंभर यार्ड दूर राहावयाचें असतें. कढत्या कुंडांपाशीं घातलेली फळ्यांची वाट तर सोडूंच नये. त्या कुंडांनीं आजवर वीसाहून अधिक बळी घेतले आहेत. हें सारें खरें. परंतु मनुष्याचा पाय न लागलेलें अरण्य पाहावयास आपण निघालों आहों अशी ज्याची समजूत असेल, त्यानें १८७७ सालच्या ऑगस्ट महिन्याची हकीकत आधीं वाचावी.

त्यापूर्वीं पांच वर्षें, १ मार्च १८७२ रोजीं, अध्यक्ष ग्रँट यांनीं ज्या कायद्यावर सही केली त्यानें हा मुलूख वसाहतीस व विक्रीस कायमचा बंद करून लोकांच्या उपभोगासाठीं राखून ठेवला. हेडन यांच्या पाहणीबरोबर गेलेल्या मोरान या चित्रकाराचीं चित्रें आणि जॅक्सन यांचीं छायाचित्रें पाहून कायदेमंडळाचें मन वळलें. त्या चित्रांत नसलेली गोष्ट अशी कीं, तेथील डोंगरांत रानमेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे शोशोनी लोक राहत होते, आणि तेथल्या काळ्या कांचदगडाच्या कड्यावरून हत्यारांसाठीं दगड नेण्याचा परिपाठ अकरा हजार वर्षांहून जुना होता. लोकांच्या उपभोगासाठीं खरें. पण कोणत्या लोकांच्या?

ओरेगॉनमधील वॅलोवाच्या खोऱ्यांत नेझ पर्स जमातीची एक शाखा नांदत होती. १८६३ च्या तहानें तिची भूमि सरकारजमा झाली. जोसेफ या नायकाच्या वडिलांनीं तो तह कधींच मान्य केला नव्हता. १८७७ च्या मे महिन्यांत हुकूम सुटला कीं, तीस दिवसांच्या आंत राखीव प्रदेशांत चला. जूनमध्यें युद्ध पेटलें. ९ ऑगस्टच्या पहाटे बिग होल येथें झोपलेल्या छावणीवर फौजेनें हल्ला केला. त्यांत बायकामुलें फार मारलीं गेलीं. उरलेले सुमारें सातशें जीव, म्हातारेकोतारे, जखमी आणि घोड्यांचे कळप घेऊन, यलोस्टोनच्या रानांत शिरले.

त्याच वेळीं त्याच रानांत माँटानाकडील कांहीं गृहस्थ कारंजीं पाहावयास उतरले होते. त्यांत कॉवन नांवाचें दांपत्य होतें. २४ ऑगस्ट हा त्यांच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस, आणि घरीं परतावयास निघण्याचाही तोच दिवस. सकाळीं उठून पाहतात तों नेझ पर्स स्वार छावणीशीं उभे! पुढें दुपारीं कॉवनच्या मांडींत गोळी बसली, आणि पत्नीच्या डोळ्यांदेखत दुसरी कपाळांत. तो मेला असें समजून सारे पुढें गेले. त्याची पत्नी, तिची लहान बहीण व भाऊ यांस धरून नेलें. पण दुसऱ्याच दिवशीं घोडे देऊन सोडूनही दिलें. कॉवन मात्र मेला नव्हता. कित्येक दिवस तो हातांवर सरपटत राहिला, आणि फौजेच्या माणसांस सांपडून वांचला. इतर दोघे प्रवासी त्या दिवसांत प्राणांस मुकले.

गंमत अशी (गंमत म्हणावयास जीभ कचरते) कीं, खुद्द सरसेनापति शर्मन थोड्याच दिवसांपूर्वीं मूठभर सोबत्यांनिशीं हेंच अरण्य सहलीनें पाहून गेले होते. एक मंडळी मौजेसाठीं हिंडत होती, दुसरी जिवासाठीं धांवत होती. कॉवनबाईंचा आकांत खराच. पण बिग होलच्या पहाटेनंतर सोळाच दिवसांनीं ज्यांनीं तिला व तिच्या भावंडांना सोडून दिलें, त्यांस नुसते रानटी म्हणून कसें मोकळें व्हावें? बाईंनीं स्वतःच पुढें आठवणी लिहितांना त्या दयेचें नवल केलें आहे.

कॅनडाची सीमा अवघी चाळीस मैल उरली असतां ५ ऑक्टोबर रोजीं जोसेफनें शस्त्र खालीं ठेवलें. पुढें वर्षानुवर्षें त्यांस परमुलखांत ठेवण्यांत आलें. १८८५ सालीं उरलेसुरले वायव्येकडे परतूं शकले. इकडे यलोस्टोनचे अधीक्षक नॉरिस यांनीं मूळ रहिवाशांस उद्यानाबाहेर ठेवण्याची खटपट केली, आणि ते कारंज्यांस भितात म्हणून येथें येतच नाहींत ही गोष्ट प्रवाशांच्या गळीं उतरविली. निर्जन म्हणून जें आज दाखवितात तें असें निर्जन झालें.

मॅडिसनहून ओल्ड फेथफुलकडे जातांना वाटेंत नेझ पर्स नांवाचा ओढा लागतो. बहुतेक मोटारी तेथें थांबत नाहींत, कारण पुढल्या कारंज्याची वेळ गांठावयाची असते. तें साधारण दीड तासाच्या अंतरानें उडतें. एक हुकलें तरी दुसरें मिळेल.