परदेशीं अध्यापन : इतिहासांतील तीन दाखले

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या वर्षीं एका नव्याच प्रश्नाचा विचार करण्याची वेळ आम्हांवर आली आहे. पालघर, बोईसर व तारापूर या भागांतील आपलीं मुलें आतां इंग्रजींत पारंगत होत आहेत. त्यांतील कांहीं जण आम्हांस विचारतात कीं, वर्षभर परदेशीं जाऊन विनावेतन इंग्रजी शिकविण्याचें कार्य करावें काय? हेतु स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु हा मार्ग नवा नाहीं आणि त्यावरील खांचखळगेही नवे नाहींत. म्हणून इतिहासांतील तीन दाखले वाचकांपुढें ठेवितों.

पहिला दाखला आपल्याच जिल्ह्यांतला. सोळाव्या शतकांत वसई येथें पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटीं जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयांतच जेसुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. जेसुइट संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती फळास आली नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला व पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाले. सन १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हां राज्यकर्ता हिदेयोशी याच्याशीं बोलावयास दुभाषी हवा होता. एकदा ज्यांना दार बंद झालें होतें, त्यांच्याच जिभेवर आतां साऱ्या मंडळाची भिस्त होती! ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर मरण आलें. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांना संतपद दिलें.

दुसरा दाखला उलट दिशेचा, म्हणजे बाहेरून इकडे आलेल्यांचा. मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ सालीं जर्मन जेसुइटांनीं स्थापिलें. इंग्रजी ही ना त्यांची मातृभाषा, ना त्यांच्या विद्यार्थ्यांची. तरीही त्या भाषेंतून तेथें पिढ्या घडल्या. परंतु १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि कालचे गुरुजन आज शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कांहींना स्थानबद्ध करण्यांत आलें, बहुतेकांना मायदेशीं धाडण्यांत आलें. इंग्लंडहून आलेले फादर आल्बन गुडियर यांनीं त्या बिकट काळांत कॉलेजचा भार वाहिला. १९१९ सालीं ते मुंबईचे आर्चबिशप झाले. परदेशी अध्यापकाचें आसन असें राजकारणाच्या वाऱ्यावर डोलत असतें. तो कितीही भला असो, त्याचें राहणें त्याच्या हातीं नसतें.

मग टिकतें तें काय? याचें उत्तर तिसऱ्या दाखल्यांत आहे. फादर हेन्री हेरास १९२२ सालीं स्पेनहून त्याच कॉलेजांत इतिहास शिकवावयास आले. भारताच्या इतिहासाचा अभ्यास त्यांनीं पूर्वीं केलेला नव्हता. तरी शिकवावयाचा तो हाच, असें ठरवून ते आधीं स्वतः विद्यार्थी झाले. १९२६ सालीं त्यांनीं इतिहास-संशोधनाची संस्था काढली. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइस यांनीं कदंब राजवंशाचा इतिहास १९३१ सालीं प्रसिद्ध केला. १९५५ सालीं फादर हेरास निवर्तले, पण त्यांच्या नांवाची ती संस्था आजही चालूं आहे. कारण काम पुढें नेणारीं माणसें त्यांनीं येथेंच तयार केलीं होतीं.

तेव्हां परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या आमच्या तरुणांनीं दोन प्रश्न मनाशीं विचारावे. ज्या गांवीं जावयाचें, तेथील भाषा शिकावयास आपण तयार आहों काय? आणि आपण परतल्यावर शिकवील असा तेथलाच कोणी शिक्षक आपल्या हातून घडेल काय? नाहीं तर मुलांना लळा लावून आपण निघून यावें, आणि पुढल्या वर्षीं दुसऱ्या पाहुण्यानें पुन्हां पहिल्याच धड्यापासून आरंभ करावा, एवढेंच व्हावयाचें. ज्यांचीं उत्तरें होकारार्थी असतील त्यांनीं अवश्य जावें. संत गोन्सालो यांची मध्यस्थी व या धर्मग्रामाची प्रार्थना त्यांच्या पाठीशीं राहील.