मोहाच्या दारूला नाव कुणाचे?

मिस्सेच्या द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभेच्या कायद्याचा दंडक थोडक्यात असा आहे : तो नैसर्गिक असावा, द्राक्षवेलीच्याच फळाचा असावा आणि नासलेला नसावा. ही वेल कोणत्या देशातील, कोणत्या टेकडीवरील, असे तो कायदा विचारीत नाही. नाशिकचे द्राक्ष चालते, स्पेनचेही चालते. गाव विचारण्याची प्रथा वेदीवरून आली नाही. ती बाजारातून आली, आणि तिला कायद्याचे कडक रूप दिले ते फ्रान्सने.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या, मुळे पोखरणाऱ्या बारीक किडीने फ्रान्सचे मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. द्राक्षे कमी पडली, पण पिणारे कमी झाले नाहीत. मग मनुका भिजवून, साखरेचे पाणी मिसळून केलेला रस नामांकित गावांच्या नावाने विकला जाऊ लागला. खऱ्या शेतकऱ्यांनी सरकारकडे दाद मागितली आणि 1905 साली फसवणुकीविरुद्ध कायदा झाला. पुढचा प्रश्न सरहद्दीचा होता. शॅम्पेन प्रांताची सीमा 1908 मध्ये आखली गेली तेव्हा ओब जिल्हा बाहेर राहिला. त्याला आत घेण्याच्या हालचालींवरून 1911 मध्ये एवढे रण माजले की आई या गावी व्यापाऱ्यांची तळघरे फोडली गेली, घरे जाळली गेली आणि लष्कर बोलवावे लागले. ओबला पूर्ण हक्क मिळाला तो 1927 मध्ये. उगमनामाची राष्ट्रीय व्यवस्था 1935 साली उभी राहिली. त्यानंतर कोणत्या गावाच्या नावाने कोणती द्राक्षे, किती पीक, किती मद्यार्क, हे सारे लेखी ठरले.

आणि मग नियम ज्यांच्यासाठी झाला त्यांच्यापैकीच काहींच्या अंगावर तो उलटला. प्रोव्हान्समधील त्रेव्हालों या मळ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथील एलुआ द्युरबाक यांच्या वाइनमध्ये काबर्ने आणि सिरा या दोन द्राक्षांचा वाटा सुमारे निम्मा-निम्मा असे. ले बो या उगमनामाचे नवे नियम गेल्या शतकाच्या नव्वदीच्या दशकात लागू झाले, तेव्हा काबर्नेचे प्रमाण मर्यादित करण्यात आले. द्युरबाक यांनी द्राक्षे बदलली नाहीत. प्रांतातील सर्वोत्तम वाइनमध्ये गणली जाणारी ती बाटली त्या दिवसापासून आपल्याच गावचे नाव लावू शकली नाही. तिच्यावर ‘ग्रामीण वाइन’ एवढीच साधी ओळख आली. मळा तोच, माती तीच, फक्त चिठ्ठी बदलली.

आपल्याकडेही या नियमांची झळ पोहोचली आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावच्या कंपनीने 1980 च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळणारी वाइन केली. कंपनीच्या नावातच ‘शॅम्पेन’ होते, पण परदेशी गेलेल्या बाटलीवर नाव लागले ते ‘ओमर खय्याम’. फ्रेंचांच्या शब्दाला हात लावण्याची सोय नसली की माणूस इराणी कवीकडे जातो!

फ्रान्सचे हे भांडण एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्वीचा एकच चांदा जिल्हा. गडचिरोली वेगळा झाला 1982 साली. या अरण्यात द्राक्षवेल नाही, मोह आहे. नामांकित वाइनकडून फ्रेंच कायदा जे जे मागतो ते सर्व या झाडापाशी आहे : ठरावीक भूमी, ठरावीक ऋतू, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जंगल तोडून शेत केले तरी गोंड शेतकरी मोहाला कुऱ्हाड लावीत नाही. चैत्राच्या आगेमागे फुले रात्रीतून गळू लागतात. पहाटे बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. कोणते झाड कोणत्या घरचे हे गावात ठाऊक असते. गळलेली मांसल, पिवळसर फुले उन्हात वाळली की मनुकांसारखी तपकिरी होतात. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून ते आधी अन्न आहे आणि मागाहून दारू. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की हीच फुले शिजवून पोट भरले जाते.

दारूची रीतही सांगण्यासारखी आहे. वाळली फुले पाण्यात काही दिवस आंबवतात, मडके चुलीवर चढवतात आणि वर जाणारी वाफ गार करून थेंब थेंब गोळा करतात. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग याच चुलीवरून आला. जन्म, लग्न, मरण, पेरणी, पेनाची पूजा, या प्रत्येक प्रसंगी पळसाच्या पानांच्या द्रोणात तिचे पहिले थेंब देवाला आणि पूर्वजांना मिळतात. माणसांची पाळी नंतर.

या मडक्यावर पहिली चिठ्ठी लावली ती इंग्रजांच्या आबकारी खात्याने. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. दारू हे महसुलाचे साधन ठरले. भट्ट्यांचे लिलाव होऊ लागले, पुढे मध्यवर्ती भट्ट्या आल्या, आणि घरच्या चुलीवर गाळलेली दारू ‘चोरटी’ झाली. गोंडाने आपल्याच झाडाची फुले विकायची आणि त्याच फुलांची दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत आणायची, असा तो व्यवहार होता. मुंबई इलाख्यात तर सरकार दारूवर न थांबता फुलापर्यंत पोहोचले. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले. वसईच्या आपल्या पणजोबांच्या काळात शेजारच्या वारल्याच्या टोपलीतील फूल हा गुन्ह्याचा पुरावा ठरू शकत होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मध्य प्रांतात मिशनरी म्हणून आलेले आणि पुढे आदिवासींचे अभ्यासक झालेले वेरियर एल्विन यांनी या धोरणाविरुद्ध लिहिले. घरी दारू गाळण्याचा हक्क आदिवासींना परत द्यावा, असे त्यांचे मत होते.

स्वातंत्र्य आले तरी वर्गीकरण इंग्रजांचेच राहिले. हातभट्टीची म्हणजे गुन्हा. सरकारी परवान्याची स्वस्त ती ‘देशी’. आणि उसाच्या मळीपासूनच्या मद्यार्काला रंग-गंध देऊन इथेच भरलेली ती ‘भारतीय बनावटीची विदेशी दारू’. ही नावे नीट वाचावीत. फ्रेंच चिठ्ठी सांगते की हा रस कोणत्या मातीतून आला. आपली चिठ्ठी सांगते की यावर कर कोणत्या दराने बसला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धर्मविधीच्या मद्यासाठी तरतूद होती, म्हणून आपल्या वेद्या कोरड्या पडल्या नाहीत. आपले धर्मगुरू अर्ज लिहू शकत होते. पेनापुढच्या द्रोणभर दारूसाठी अर्ज कुणी लिहायचा?

इतकेच असते तर न्याय कोणत्या बाजूला आहे हे सांगणे सोपे होते. तसे ते नाही, आणि याचे कारण तेथील स्त्रिया आहेत. पहाटे फुले वेचणारी बाई आणि संध्याकाळी नवऱ्याचा मार खाणारी बाई पुष्कळदा एकच असते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने 1980 च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीत शेकडो गावे उतरली आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात 2010 च्या डिसेंबरात स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. तेथे बंदी आली 1 एप्रिल 2015 रोजी. ती 2021 मध्ये, झा समितीच्या अहवालानंतर उठवण्यात आली. बंदीच्या काळात चोरटी दारू बोकाळली होती हे खरे आहे, पण त्यामुळे त्या पायपिटीमागचे दुःख खोटे ठरत नाही. शहरातील खोलीत बसून मोहाच्या दारूला ‘वारसा’ म्हणणाऱ्यांनी त्या बायांना एकदा विचारावे, असे मला वाटते. तितक्याच आग्रहाने मला हेही वाटते, की द्रोणातले थेंब आणि दुकानातली बाटली यांना एकाच कलमात कोंबणाऱ्यांनी पेनाच्या पुजाऱ्यालाही विचारावे.

विचारण्याची जागा कायद्यात आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे किंवा त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचे अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला देण्यास राज्यांना सांगितले. वनहक्क कायदा 2006 चा; त्याखाली गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या हद्दीत काय पिकते, काय विकावे आणि काय विकू नये, हे गावाने एकत्र बसून ठरवायचे. फ्रान्सच्या उगमनामाच्या मुळाशीही अशीच, आपल्या शिवाराचे नियम स्वतः ठरवणारी शेतकऱ्यांची मंडळे होती.

मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये हटवले. गोव्याच्या काजू फेणीला 2009 पासून भौगोलिक ओळख आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून वेगळे स्थान दिले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2022 च्या एप्रिलात निर्णय घेतला तो निराळाच : काजूबोंडे व मोहफुले यांपासून केलेल्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यावा. ‘देशी’ या शब्दाने बाटलीची किंमत उतरते, हे त्यामागचे व्यापारी शहाणपण समजण्यासारखे आहे. तरीही या अरण्यात जन्मलेल्या, याच भूमीच्या झाडाच्या फुलाला परवाना हवा असेल तर परदेशी व्हावे लागते, आणि ती ‘विदेशी’ बाटली गडचिरोलीच्या वेशीवर मात्र दारूबंदीच्या कायद्याने अडवली जाते.