बहुजन हिताय : मुलाबरोबर आईसुद्धा

१९७९ मध्ये उर्गेन संघरक्षितांच्या प्रेरणेने आणि धम्मचारी लोकमित्रांच्या पुढाकाराने पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण सुरू झाला. ‘बहुजन हिताय’ हे त्याचेच सामाजिक काम. इंग्लंडच्या करुणा ट्रस्टची त्याला मदत. वसतिगृहे सर्वांना ठाऊक आहेत. आम्हाला मोलाच्या वाटतात त्या झोपडपट्टीतल्या बालवाड्या. तिथे मुलांसाठी बालवाडी होती, तसे आयांसाठी साक्षरता वर्ग, शिवणवर्ग आणि आरोग्यसेवाही. आईला बाजूला ठेवून मुलाचे भले होत नाही, हे या कामाने ओळखले.

झरीसारख्या गावात आईची जागा बरेचदा आजी घेते. आईबाप ऊसतोडीला गेले की घर तिच्यावर. विहारात मुलांचा अभ्यासवर्ग आपण हौसेने काढतो, आजीला मात्र कुणी विचारत नाही. वंदनेनंतर तिच्याजवळ बसा. नातवाचे वडील वारले असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये. पण मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड जमवून परभणीला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जायचे, तर तिच्यासोबत शिकलेले पोर हवे.