वऱ्हाडातील राखणीचे कुत्रे: दरारा आणि स्वभाव

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस, धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून जात असे, आणि त्या बैलांच्या राखणीला बंजाऱ्यांचे कुत्रे असत. हा व्यापार केवढा होता याची कल्पना जुन्या गॅझेटियरांतून येते. १८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला, तेव्हा १,२०,००० पौंड मालासाठी ५०० बैल लागले. गंगेकाठच्या मिर्झापूरकडे जाणारी वाट तर ५०० मैलांहून लांब होती. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने त्या वाटेने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद आहे. त्या वाटेवर महिनोन् महिने रानात मुक्काम पडत. चोर, लांडगे, बिबटे आणि वाघ यांच्यापासून माल आणि जनावरे सांभाळायची, तर रात्रीचा पहारा एकट्या माणसांना झेपणारा नव्हता.

लदेणीचा, म्हणजे बैलांवरून मालवाहतूक करणाऱ्या बंजाऱ्यांचा, तांडा शक्यतो गावापासून दूर, पाणी आणि चारा असेल तिथे उतरे. बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून त्यांची गोल भिंत रचली जाई. आत बैल आणि बायकापोरे, बाहेर कुत्रे. हा कुत्रा उंच, लांब पायांचा, खोल छातीचा आणि बारीक पोटाचा असे. दिवसभर बैलांबरोबर चालावे, रात्री जागावे, डुकराच्या शिकारीत तांड्याच्या नायकाच्या भाल्यापुढे धावावे, हा त्याचा क्रम. आजच्या अर्थाने ती काटेकोर जात नव्हती. रंग, केस, कान यांत पुष्कळ फरक असे, कारण निवड रूपाची होत नव्हती, कामाची होत होती. काम न करणारा कुत्रा पोसणे फिरस्त्या कुटुंबाला परवडतही नव्हते.

तांड्यांचे महत्त्व राज्यकर्तेही ओळखून होते. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेचे धान्य मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगडावर जी फौज लढली, तिच्यामागे धान्याचे हे तांडे चालत होते.

इंग्रजांनी या कुत्र्यांना ‘ब्रिंजारी’ असे नाव दिले आणि त्यांच्या क्रूरपणाची वर्णने लिहून ठेवली. ती वर्णने खोटी म्हणता येत नाहीत. मात्र ती कोणी आणि कुठून पाहून लिहिली, हे ध्यानात घ्यावे लागते. लिहिणारा बहुधा शिकारी, लष्करी अधिकारी किंवा प्रवासी होता. तांड्याच्या मुक्कामाजवळ तो परका म्हणून जाई, पुष्कळदा अंधारात किंवा घोड्यावरून. परक्याला अडवणे हेच ज्याचे काम, त्या कुत्र्याचे त्याला दुसरे कोणते रूप दिसणार? तांड्यातल्या आपल्या माणसांत तोच कुत्रा लहान मुलांशेजारी निवांत वावरत होता, हे त्याच्या लेखणीपर्यंत पोचलेच नाही. त्यात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर फिरस्त्या लोकांकडे संशयाने पाहणे ही सरकारी रीतच झाली. १८८२ साली गनथॉर्प या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील ‘गुन्हेगार जमातीं’वर पुस्तक लिहिले, त्यात बंजारेही होते. माणसांवरचा हा अन्यायी शिक्का त्यांच्या कुत्र्यांनाही चिकटला असेच म्हणावे लागते.

लोकस्मृतीने मात्र या कुत्र्याची वेगळीच बाजू जपली. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यातील खपरी गावात कुकुरदेवाचे मंदिर आहे, आणि मध्य प्रदेशच्या दिंडोरी जिल्ह्यातील कुकर्रामठाशीही अशीच कथा जोडलेली आहे. एका बंजाऱ्याने अडचणीच्या काळात आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली तेव्हा कुत्र्याने पुरलेला माल दाखवून दिला. सावकाराने खूश होऊन कर्ज माफ केले, तशी चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे सोडले. कुत्रा परत आलेला पाहून, हा पळून आला आणि आपला शब्द गेला, अशा समजुतीने बंजाऱ्याने त्याला मारून टाकले. चिठ्ठी नंतर हाती आली. कथा ऐतिहासिक नसेल, पण जो कुत्रा गहाणाच्या योग्यतेचा मानला जाई त्याची समाजातली किंमत तीतून कळते. परक्यांनी ज्याला केवळ भयंकर म्हटले, त्याच्या नावाने लोकांनी देऊळ सांगितले.

१८६७ साली लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचला आणि १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. मिर्झापूरची वाट ओस पडली. लदेणी बुडाली आणि तांडे हळूहळू डोंगरांच्या कडेला स्थिरावून शेती करू लागले. कुत्र्याचे मूळ काम संपले. दख्खनच्या दक्षिण भागात याच प्रकारच्या कुत्र्यांची जोपासना होत राहिली, आणि ‘कारवान हाउंड’ या आजच्या नावात काफिल्याची आठवण शिल्लक आहे. या जातीच्या स्वभावाबद्दल पाळणारे सहसा असे सांगतात: घरच्यांशी शांत, परक्याने हात लावलेला न खपणारा, उगाच अंगावर न जाणारा. काफिल्याच्या पहारेकऱ्याला हाच स्वभाव लागत होता.

धनगरांच्या कुत्र्याचा दराराही याच जातकुळीचा. वऱ्हाडात हटकर आणि अन्य धनगर मेंढ्या घेऊन फिरत, आणि त्यांचा मुख्य शत्रू लांडगा. मेंढ्यांच्या राखणीच्या कुत्र्याची पद्धत ठरलेली असते. तो आधी भुंकतो, मग मेंढ्या आणि येणारा यांच्यामध्ये उभा राहतो, थोडा पुढे येतो, पुन्हा मागे सरकतो. येणारा थांबला किंवा वळला की त्याचे काम झाले. कळपापासून दूर पाठलाग करणारा कुत्रा धनगराच्या उपयोगाचा नसतो, कारण तेवढ्यात दुसरीकडून लांडगा शिरतो. वाटसरू घाबरून पळाला तरच प्रकरण चाव्यापर्यंत जाते. धनगरांचे दैवत खंडोबा, आणि खंडोबाच्या मूर्तीत कुत्रा असतो. पूर्वी अकोला जिल्ह्यातले, आता वाशिम जिल्ह्यात असलेले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांचे मोठे क्षेत्र आहे, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. पूजेत मान आणि दारात धाक, ही दोन्ही नाती वऱ्हाडात शेजारी शेजारी नांदली.

शिकारी कुत्र्यांचा उल्लेख तर मराठीच्या आरंभीच्या गद्यातही आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रात पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आश्रय घेतो, ही लीळा प्रसिद्ध आहे. तिथे स्वामी पारध्यांशी बोलतात. कुत्र्यांवर कोणताही दोष ठेवलेला नाही. शेतीतही कुत्र्याला काम होते आणि आहे. ज्वारी निसवली की रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांच्यापासून पीक वाचवायला माणसे जागलीला जातात, आणि त्यांच्याबरोबर गावचा साधा कुत्राच असतो.

मेळघाटातील रानकुत्र्याची, म्हणजे कोळसुन्याची, बदनामी मात्र या सगळ्यांपेक्षा मोठी आणि घातक ठरली. तो पाळीव कुत्र्याची जात नव्हे. वेगळ्याच वंशाचा वन्य प्राणी आहे. वजन साधारण १२ ते २० किलो, म्हणजे जर्मन शेफर्डपेक्षा बराच लहान. रंग तांबूस, शेपूट झुपकेदार आणि काळसर. तो भुंकत नाही, शीळ घालतो, आणि दाट जंगलात पांगलेला कळप त्या शिळेवर पुन्हा एकत्र येतो. चितळ, सांबर हे त्याचे मुख्य भक्ष्य.

१८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोचला. पुढे अचलपूरच्या छावणीतले अधिकारी आणि इतर साहेब लोक मेळघाटात शिकारीला येऊ लागले. त्यांना कोळसुना दोन कारणांनी खुपला. एक, तो त्यांची शिकार पळवतो. दोन, त्याची मारण्याची रीत पाहवत नाही. वाघ मान धरून भक्ष्य मारतो. कोळसुन्यांचा कळप धावत्या सांबराला मागून आणि कुशीतून फाडतो, आणि ते पुरते मरण्याआधीच खाऊ लागतो. शिकारीच्या पुस्तकांनी यावरून त्याला निर्दय, जंगलाचा नासाडीखोर ठरवले. १८९५ साली किपलिंगने सिवनीच्या जंगलावरच्या आपल्या गोष्टीत दख्खनमधून चालून येणाऱ्या लाल कुत्र्यांच्या टोळधाडीला स्थान दिले आणि ही प्रतिमा जगभर गेली. आपल्याकडचा समजही कमी विचित्र नव्हता. कोळसुना झुडपांवर मुततो, ते मूत वाघाच्या डोळ्यांत जाते आणि वाघ आंधळा होतो, असे जंगलाकाठच्या लोकांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाई.

सरकारने त्याच्या डोक्यावर बक्षीस लावले. ब्रिटिश अमदानीत सुरू झालेली ही रीत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबली. वाघ मारणे हा पराक्रम आणि कोळसुना मारणे ही स्वच्छता, अशी ही समजूत होती. दोन्हींनी जंगलाचे अपरिमित नुकसान केले. पुढे १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा वाघाबरोबर कोळसुन्यालाही आसरा मिळाला.

त्याचा खरा स्वभाव कळला तो निरीक्षणानंतर. १९७० च्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलात कळपांचा बारकाईने अभ्यास केला. कळपात पिल्ले आधी खातात, मोठी मागे थांबतात. शिकारीवरून परतलेली जनावरे पिल्लांसाठी आणि बिळाशी थांबलेल्या मादीसाठी खाल्लेले मांस ओकून देतात. पिल्ले एकीची, पण सांभाळ सगळ्या कळपाचा. माणसाला तो टाळतो. नरभक्षक वाघ आणि बिबट्यांनी शिकारकथांची पाने भरलेली असताना, नरभक्षक कोळसुन्याची प्रकरणे भारतीय नोंदींत आढळत नाहीत. २००४ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो धोक्यातील प्राणी आहे. ज्याची भीती घातली गेली, त्यालाच माणसाची भीती बाळगावी लागली.

विसाव्या शतकात अमरावती-अकोल्याच्या बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ची पाटी लागली आणि भीतीला विलायती नावे मिळाली: आधी अल्सेशियन, मग डॉबरमन, अलीकडे रॉटवायलर आणि पिटबुल. यांचाही इतिहास कामाचाच आहे. रॉटवायलर हा जर्मनीतील रॉटवाइलच्या खाटकांची जनावरे हाकणारा आणि गाड्या ओढणारा कुत्रा. डॉबरमन ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोल्डा गावच्या लुई डॉबरमन या कर वसूल करणाऱ्या माणसाने सोबतीला म्हणून तयार केली. पिटबुलच्या पूर्वजांना मात्र माणसाने झुंजीसाठी निवडले, आणि इतर कुत्र्यांशी भिडण्याची खोड त्यातून आली. हे लपवण्यात अर्थ नाही.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ प्रकारच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. यादीत पिटबुल आणि रॉटवायलर होतेच. त्याचबरोबर तुर्कस्तानचे कंगाल आणि अकबाश, कॉकेशियन शेफर्ड, मध्य आशियाई शेफर्ड, बाल्कनचा सारप्लानिनाक असे मेंढपाळांचे अनेक कुत्रे होते. वऱ्हाडातल्या धनगराच्या कुत्र्याचे हे व्यवसायबंधू. मोकळ्या कुरणात, कळपासोबत ज्याचा स्वभाव गुण ठरतो, त्याला फ्लॅटच्या गच्चीत साखळीने बांधले तर तोच स्वभाव धोका होतो. त्यात कुत्र्याच्या जातीपेक्षा घेणाऱ्याच्या हौसेचा दोष मोठा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले हे परिपत्रक १० एप्रिल २०२४ रोजी रद्द केले.

विज्ञानाचा कौलही सावध आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागणुकीतील फरकांपैकी केवळ ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. उरलेल्यात संगोपन, वय, परिस्थिती आणि त्या-त्या कुत्र्याची घडण आली. तरी मोठ्या जबड्याचा चावा अधिक खोल जातो, हे खरेच आहे. म्हणून मोठा कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारीही मोठी.

वऱ्हाडात कुत्र्यामुळे होणारे मृत्यू हा प्रामुख्याने रेबीजचा प्रश्न आहे, आणि त्याचा कुत्र्याच्या आकाराशी काही संबंध नाही. पिसाळलेले लहान पिल्लूही तेवढेच प्राणघातक. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास कसौलीला तयार केलेली लस पुढे अनेक दशके पोटात टोचली जात होती. चौदा इंजेक्शनांच्या धास्तीनेच कित्येक जण दवाखान्यात जात नसत आणि मांत्रिकाकडे वळत. ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आजची लस दंडात टोचतात आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. चावा लहान असो वा मोठा, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

कायद्याने हा विषय फार पूर्वीच पाळणाऱ्याच्या पदरात टाकला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी न घेणारा शिक्षेस पात्र होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २९१ म्हणून आली असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्या कलमात कुत्र्याच्या कोणत्याही जातीचे नाव नाही.